एका गाठीच्या चार

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे एक पेरू कापला. न्याहारीची वेळ होती. माझी बायको गिरजा ओसरीत बाजेवर उशीला टेकून बसली होती. आमची लेक काशी मंठ्याहून तिचं करायला आल्ती, ती पाण्याला गेली होती. गिरजा म्हणाली, "अवो, पेरू खाऊ वाटून राह्यलाय." मी परसातला एक पिवळा पेरू तोडून आणला आणि चाकू चुलीच्या जाळावर धरला. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. बाजेवरून आवाज आला, "निवू द्या आधी. गरम पात्यानं जीव भाजतो."

"पेरूला कसला आलाय जीव?"

"हाय की. कापल्यावर बी असतो."

पातं लवकर निवावं म्हणून मी फुंकर घातली. तर ती एवढ्या जोरात "आता ती फुंकर कशाला घातली?" म्हणून ओरडली, की तिला ठसका लागला. मंग चाकू पुन्हा जाळावर. पुन्हा थांबणं. तिचा डावा हात सुजून दुधी भोपळ्यासारखा झाला होता, तो उचलत नव्हता. म्हणून पेरू मी धरला आणि उजव्या हातानं तिनं कापला. चार फोडी बराबर सारख्या. तिनं एक घेतली, तीही अर्धी टाकली. उरलेल्या मी खाल्ल्या. बिया माझ्या दाढेत अडकल्या म्हणून ती हसली.

त्याच दिवशी दुपारी ती गेली.

ज्यांनी गिरजाला पाहिलं नाही त्यांना हा चाकू तापवायचा प्रकार येडेपणा वाटेल. गावालाही वाटायचा. शेजारीण म्हणायची, "गिरजाच्या घरी वांग्याला आधी डाग देत्येत, मंग भाजी करत्येत." पण ती सवय तिला कामावरून लागली होती. वडीगोद्रीच्या पुढं रस्त्याच्या कडेला नव्वद सालानंतर एक रोपांची लॅब निघाली. काचेच्या बाटलीत ऊस आणि केळी वाढवायची. आमच्या घरी तोवर मेंढरं होती. चराईची रानं गेली, सगळीकडं ऊस झाला, तेव्हा मी मेंढरं विकली आणि लॅबवर लागलो. मी चौथी शिकलेला. मला बाटल्या धुवायचं आणि उकडायचं काम दिलं. उकडायचं यंत्र म्हणजे माणूस आत बसेल एवढा कुकर. वाफेवर सगळं मारायचं, मंगच बाटली पुढं जायची.

गिरजाला मॅडमनं घेतलं. मॅडम म्हणजे लॅबच्या मुख्य बाई, शिकलेल्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी गावातल्या बायांना एका ताटलीत मोहरी दिली आणि लांब चिमट्यानं एकेक दाणा दुसऱ्या ताटलीत ठेवायला सांगितला. बायांचे हात लटलट कापायला लागले. गिरजानं अर्धी ताटली रिकामी केली आणि मॅडमला म्हणाली, "बाई, कोकराच्या कानातल्या गोचड्या काढलेला हात हाय हा. मोहरी काय लाथ मारती का?" मॅडम हसल्या आणि तिला पहिल्या टेबलावर बसवली.

तिथं तोंडाला फडकं, डोक्याला फडकं, हातात बांगडी नाही. पुढं स्पिरिटचा दिवा. चिमटा आणि पातं जाळावर धरायचं, निवू द्यायचं, मंग बाटली उघडून आतलं कापायचं. उघड्या बाटलीवर बोलायचं बिलकुल नाही. माणसाच्या श्वासातून काहीतरी आत पडतं आणि आठवड्यात बाटलीत काळी बुरशी उगवते. दिवसभर मुकी राहिलेली बाई घरी येऊन दिवसभराचं बोलायची. मी जेवायचो आणि ऐकायचो.

एकदा तिनं मला आतली अंधारी खोली दाखवली. मला भीती वाटली, खरं सांगतो. वाघाला भ्यालो नाही मी, पण त्या खोलीत अंगावर काटा आला. थंडगार, काळोख, मशीनचा एकसारखा घों घों आवाज, आणि मांडण्यांवर ओळीनं बाटल्या. प्रत्येक बाटलीत तळाला खळीसारखा घट्ट थर आणि त्याच्यावर एक पांढुरकी गाठ. फुटलेल्या दह्यासारखी. तिला पान नाही, मूळ नाही, वर नाही, खाली नाही. नुसती वाढत चाललेली.

"हे काय हाय गं?"

"ऊस हाय."

"हा ऊस?"

मंग तिनं समजावलं. उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याच्या, पोटात जे कोवळं गुंडाळलेलं पान असतं, त्याच्या चकत्या खळीवर ठेवायच्या. खळीत साखर, खतासारखे क्षार आणि एका औषधाचा कणभर अंश. ते औषध म्हणजे ज्वारीतलं तण मारायला आपण फवारतो तेच टू-फोर-डी. मी म्हणालो, ते तर जाळतं. ती म्हणाली, "लई दिलं तर जाळतं. कणभर दिलं तर गाठ धरती." त्या औषधानं पान आपण पान आहोत हे विसरतं आणि त्याची गाठ होते. गाठ अंधारात वाढवायची. वाढली की तिचे चार तुकडे करायचे आणि चार बाटल्यांत ठेवायचे. महिन्याभरात प्रत्येक तुकडा आधीच्या गाठीएवढा. पुन्हा चार. हव्या तेवढ्या झाल्या की ते औषध बंद करायचं, गाठ उजेडात आणायची. मंग तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके येतात आणि ठिपक्यांतून गवतासारखे कोंब. कोंबाला मुळ्या फोडायच्या, मंग मातीत.

"समद्याच गाठी कोंब काढत्येत का?" मी विचारलं.

"न्हाई. लई येळा कापलेली, लई जुनी झालेली गाठ इसरून जाती. उजेडात ठिवा, औषध बदला, ती आपली गाठीची गाठ. नुसती खाती आन् फुगती." हे सांगताना तिनं बाटलीवर बोट टेकवलं होतं. माझ्या मनात आलं, ही बया रोज यांच्यातच बसते.

पुढं काही वर्षांनी एका रविवारी ती न्हाऊन केस पुसत होती. हात वर केलेला. काखेच्या खाली, छातीच्या कडेला मला फुगवटा दिसला.

"गिरजे, ते काय हाय?"

"हाय काहीतरी."

"कवापासून?"

"झालं लई दिवस." आणि तिनं पदर ओढला.

मी हात लावून बघितलं. बोरापेक्षा मोठी, कडक, हलत नव्हती. दुखत नाही म्हणाली. मी मेंढरं राखलेला माणूस. मेंढीच्या मानेला गळू झालं की मी पातं तापवून चीर द्यायचो, घाण काढायचो, हळद भरायचो. चार दिवसांत मेंढी पुन्हा चरायला. मी तिला हेच म्हणालो. जालन्याला जाऊ, डॉक्टर कापून काढील, मोकळी होशील.

"मी काय मेंढी हाय?"

"मेंढी असतीस तर एवढी हुज्जत घातली नसतीस."

"अवो, तुमचं ते गळू होतं. त्याच्यात पू होता. हिच्यात पू न्हाई." मंग आवाज खाली आणून म्हणाली, "ही जित्ती हाय."

तिला जालन्याला नेलीच. डॉक्टरनं तपासलं आणि तोंड बारीक करून सांगितलं, कापून काढायला लागेल, तुकडा तपासायला लागेल, जल्दी करा. गिरजा उठली आणि दाराबाहेर गेली. स्टँडवर मी तिच्यावर ओरडलो. लोक बघत होते. ती शांतपणे म्हणाली, "मी रोज एका गाठीच्या चार करती. कापल्यावर काय व्हतं ते मला नका सांगू."

हीच तिची चूक. गावात दुसरी बाई घाबरून नाही म्हणाली असती, तिला समजावता आलं असतं. ही घाबरली नव्हती. हिनं डोळ्यांनी बघितलं होतं. रोज, स्वतःच्या हातानं.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी तिला खुर्चीवर बसवली. "मावशी, उसाची गाठ वेगळी, माणसाची वेगळी. आपण कापतो ते वाढवायला. प्रत्येक तुकड्याला खायला देतो, औषध देतो. डॉक्टर कापून टाकून देतात."

"आन् चिमट्याच्या टोकाला कणभर राहिला तर?"

"म्हणूनच लवकर कापायची, म्हणजे राहत नाही."

"बरं. उसाला तर आपण औषध देऊन गाठ धरवतो." गिरजानं त्यांच्याकडं बघितलं. "मंग मला कोण औषध देऊन राह्यलंय, तेवढं सांगा."

मॅडमनी पुष्कळ सांगितलं, बराबरच सांगितलं. जमीन भिजते आणि दगड कोरडा राहतो तसं झालं. महिने जात होते. गाठ बोराची लिंबाएवढी झाली. घरात आम्ही ज्वारीचं बोलायचो, लेकीचं बोलायचो, आणि दोघांच्या मधे ती गाठ बसलेली असायची. मला झोपेत ती अंधारी खोली दिसायची.

एक दिवस गिरजा आपणहून म्हणाली, "एक करू." लॅबमधे एक जुनी गाठ होती. सुरुवातीच्या वर्षांपासून कापत आणलेली, आता कोंब न देणारी. मॅडमनी फेकायला सांगितली होती. गिरजानं त्यातली एक बाटली मागून घेतली. "हिला मी नव्या खळीवर ठिवते, उजेडात. एवढ्या येळा पात्याखालून गेलेली हाय ही. एवढं कापून बी हिला पुन्हा ऊस व्हता आलं, तर मी म्हणीन कापण्यात काही वाईट न्हाई. कोंब आला की मी तुमच्यासंगं येते. आता ह्याच्यावर बोलायचं न्हाई."

तिचा शब्द म्हणजे शब्द. मी रोज रिकाम्या बाटल्या न्यायच्या निमित्तानं उजेडाच्या खोलीत जायचो. आत रबरी चपला घालूनच जावं लागायचं. खालच्या मांडणीवर कोपऱ्यात तिची बाटली. झाकणावर तिनं तेलकट पेन्सिलीनं एक फुली केलेली. मी वाकून बघायचो. पांढरी. दुसऱ्या दिवशी पांढरी. शेजारच्या बाटल्यांत हिरवळ उठलेली आणि ही पिठाच्या गोळ्यासारखी बसलेली. मी तिला शिव्या द्यायचो, मनातल्या मनात, कारण बाटलीपाशी बोलायचं नाही. गिरजाला विचारलं तर म्हणायची, "बघू." आणि तिच्या चोळीची बाजू आता कपड्यावरून दिसायला लागली होती.

मंग मी काय केलं, तर वरच्या मांडणीवरची एक बाटली उचलली. तिच्यातल्या गाठीवर नुकते हिरवे ठिपके आले होते. झाकणावर फुली मारली आणि कोपऱ्यात ठेवली. तिची खरी बाटली सदऱ्याखाली घालून बाहेर आणली. ती उकडून टाकायची होती. कुकरपाशी गेलो, आणि माझ्यानं उकडवली नाही. उकडण्याच्या खोलीत वर एक फळी होती, तुटक्या बाटल्यांची. तिथं मागं सारून ठेवली.

दुसऱ्या दिवशी गिरजानं ती बदललेली बाटली हातात घेतली, ट्यूबलाइटकडं धरली, फिरवली. मी दारातून बघत होतो. लई वेळ बघत राहिली. बाहेर आली, फडकं सोडलं आणि म्हणाली, "अवो, कोंब आलाय. कवा जायचं?"

जालन्याच्या डॉक्टरनं औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं, त्या एसटीत ती खिडकीपाशी बसली होती. शहर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "ती बाटली माझी नव्हती."

मी तिकिटं सदऱ्याच्या खिशात सारली.

"जुनी गाठ भुसभुशीत असती. ही घट्ट व्हती. मला कळत न्हाई व्हय?"

"मंग आलीस कशाला?"

"एवढ्या मोठ्या माणसानं रबरी चपला घालून चोरी केली." तिनं फडक्यातली भाकर माझ्या हातात दिली. "मान ठिवाया नको का?"

मला हसू आलं आणि डोळ्यात पाणी आलं. मी भाकर खाल्ली.

तिथल्या डॉक्टरनं कापली. एक बाजू सपाट झाली. तो डॉक्टर बाहेर येऊन मला स्वच्छ बोलला, ते मला आवडलं. म्हणाला, "बाबा, काखेत आधीच पोचलेली होती. वर्षभर आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती." मी हे गिरजाला सांगितलं. ती म्हणाली, "आधीच पोचली व्हती म्हणतो व्हय. बरं." पुढं सुया घेतल्या, केस गेले. डोक्याला फडकं बांधायची तर सवयच होती. केस पुन्हा आले तेव्हा ती कामावर गेली, पहिल्या टेबलावर. काही महिने असे गेले की मी विसरायला लागलो होतो.

मंग एका संध्याकाळी तिनं माझं बोट धरलं आणि आपल्या गळ्याखालच्या हसळीच्या हाडावर टेकवलं. हरभऱ्याएवढं काहीतरी. मंग मानेला. मंग जुन्या टाक्याच्या कडेला. तीन ठिकाणी माझं बोट फिरवलं, आंधळ्याला दाखवावं तसं.

"कोंब," म्हणाली. दुसरं काही नाही.

तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडलो असतो. मी आजही सांगतो, गिरजा चुकली होती. डॉक्टर बराबर होता, मॅडम बराबर होत्या, कापायची ती आधीच कापायला पाहिजे होती. एवढ्या हुशार बाईला तिच्या हुशारीनंच अडवलं. याचा मला राग आहे आणि तो जात नाही. लोक म्हणतात गेलेल्या माणसावर राग धरू नये. धरतो मी. माझी बायको होती ती.

शेवटच्या महिन्यांत ती घरीच होती. लॅबच्या बाया भेटायला यायच्या. ती त्यांची नखं बघायची. वाढलेली दिसली की म्हणायची, "ह्या नखात किती बुरशी घिऊन हिंडती गं?" एकीनं विचारलं, "मावशी, लई दुखतं का?" तर म्हणाली, "बाटलीतलं खाऊन राह्यलीय ती. संपस्तोर खाईल." त्या पोरी उठून गेल्या, आणि अंगणात जाऊन रडल्या.

त्या सकाळी पेरूच्या बिया माझ्या दाढेत अडकल्या, ती हसली, आणि मंग हसू थांबवून तिनं विचारलं, "अवो, माझी खरी बाटली कुठं हाय?"

"उकडून टाकली." मी म्हणालो.

"कोंब आल्ता का तिला?"

"न्हाई."

"बरं झालं उकडली," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पडली. ते आमचं शेवटचं बोलणं.

दुपारी गेली. दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठी सगळं उरकलं. लॅबच्या बाया आल्या होत्या. मॅडम लांब उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून, टेबलावर फडकं लावतात तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, अंघोळ केली आणि चप्पल घातली. काशीनं दार अडवलं. "आबा, सुतकात कुठं निघाले? लोक काय म्हणतील?"

"एक काम राहिलंय."

"मायला जाऊन एक रात बी झाली न्हाई!"

"म्हणूनच," म्हणालो आणि निघालो.

लॅबवर अजून कोणी आलं नव्हतं. मी उकडण्याच्या खोलीत गेलो, स्टुलावर चढलो आणि फळीवरून ती बाटली काढली. इतक्या दिवसांत तिकडं बघितलं नव्हतं. धूळ पुसली, खिडकीशी धरली. झाकणावर फुली तशीच होती. आत कोंब नव्हता. गाठ वाढून वाढून काचेला टेकली होती आणि तिथंच काळी पडून वाळली होती. खालची खळ संपलेली, तळ कोरडा. सगळं खाल्लं होतं तिनं, आणि मंग तीही मेली होती.

आमच्याकडं नियम आहे. आतलं मेलेलं दिसो की जित्तं, खराब बाटली आधी उकडायची, मंग उघडायची. मी कुकरमधे पाणी घातलं, बाटली मधोमध एकटी ठेवली, झाकणाचे सगळे खिट्टे आवळले आणि खाली आच दिली. काटा वर चढला. वाफ शिट्टीतून ओरडायला लागली. वेळ झाल्यावर आच बंद केली.

बाया यायला लागल्या होत्या. दारात एक थबकली. "मामा, तुमी? आज?" मंग तिची नजर कुकरकडं गेली. तिनं विचारलं, "उघडू का झाकण?"

"नको," म्हणालो. "निवू दे आधी."

आणि काटा खाली येईस्तोवर तिथंच बसून राहिलो.